मागणे आणि वाट पाहणे : ख्रिस्ती प्रार्थनेतील अपेक्षेचे स्वरूप

रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी हिरकणीवाडी नावाची वस्ती आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या आजच्या प्रवाशास ती रोपवेच्या खालच्या स्थानकामुळे माहीत असते. परंतु महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातील इतर वाड्यांप्रमाणे या भागाचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या पावसाळी भातावर आणि उतारावरील नाचणी-वरीवर चालत आले आहे. उन्हाळा सरत आला की शेतकरी रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत व माती पसरून राब भाजतो. पुष्कळदा पावसाचा थेंब पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत बी टाकले जाते. या पेरणीस कोकणात धूळवाफेची पेरणी म्हणतात. पाऊस अमुक दिवशी येईलच असे पेरणारा सांगू शकत नाही. पण तो येणार नाही असे धरून मात्र कोणी धुळीत बी टाकीत नाही.

याच मुलखात देवाकडे मागण्याच्या रीतीही ठरलेल्या आहेत व त्यांतील भेद विचार करण्याजोगे आहेत. नवसात फळ अगोदर आणि फेड मागाहून असते. मूल झाले, दुखणे बरे झाले, तर अमुक करीन असा तो बोल असतो. फळ न मिळाल्यास नवस करणाऱ्यावर काही देणे उरत नाही. कौलाची गोष्ट वेगळी. देवाच्या अंगावर फुले किंवा पाकळ्या लावून प्रश्न विचारला जातो आणि उजवीकडचे फूल पडते की डावीकडचे यावरून होकार-नकार समजून घेतला जातो. येथे देवाला नकार देण्याचा अधिकार आहे हे विचारणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. गाऱ्हाण्यात सारा गाव एका तोंडाने आपली अडचण देवापुढे मांडतो. या तिन्ही रीतींत अपेक्षा आहे. मात्र ती प्रत्येक ठिकाणी निराळ्या गोष्टीला टेकलेली आहे. ख्रिस्ती धर्मातील ‘विश्वासपूर्वक प्रार्थना’ या कल्पनेचा विचार करताना हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो : मागणाऱ्याची अपेक्षा नेमकी कशाला टेकलेली असते?

पोलादपूर आणि महाड यांना स्पर्श करून वाहणारी सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्रास मिळते. याच बाणकोटात १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले. हर्णै हे त्या मंडळींचे दुसरे ठाणे होते आणि १८२९ साली आलेले जॉन विल्सन यांनी आरंभी तेथेच मराठीचा अभ्यास केला. सेरामपूरचा मराठी नवा करार १८११ साली आणि अमेरिकन मिशनचा १८२६ साली निघाला. या भाषांतरकारांपुढे शब्दांची मोठी अडचण होती. ग्रीक भाषेतील ‘पिस्तिस’ या शब्दासाठी मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘विश्वास’ हा शब्द रूढ झाला, ‘श्रद्धा’ नव्हे. या निवडीचे महत्त्व वाटते त्यापेक्षा अधिक आहे. श्रद्धा विधीवर, ग्रंथावर, तीर्थावर बसू शकते. श्राद्ध हा शब्द तिच्याच कुळातला. विश्वास मात्र व्यवहारात माणसावर ठेवला जातो. सावकार कुळावर ठेवतो, शेजारी शेजाऱ्यावर ठेवतो, आणि तो मोडला तर ‘विश्वासघात’ झाला असे म्हणतात. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी जो शब्द आला तो मुळातच दोघांच्या संबंधाचा होता.

आता मूळ ग्रंथाकडे वळावे. अपेक्षेसंबंधी सर्वांत धीट वचन मार्काच्या शुभवर्तमानातील ११ व्या अध्यायात येते. प्रार्थनेत जे मागाल ते मिळाले आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते तुम्हांस मिळेल, असा त्याचा आशय. जुन्या व अधिक विश्वसनीय हस्तलिखितांत येथील क्रियापद भूतकाळी आहे, ‘मिळाले आहे’. पुढील काळच्या अनेक हस्तलिखितांत ते ‘मिळत आहे’ असे मवाळ झालेले दिसते. नकलकारांनाही हे वचन पचविणे जड गेले असावे. परंतु त्याच्या मागचापुढचा संदर्भ सोडून ते वाचण्याची चूक नकलकारांपेक्षा उपदेशकांनीच अधिक केली आहे. त्याच्या आधी देवावर विश्वास ठेवण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढे दुसऱ्याला क्षमा करण्याची अट आहे. अपेक्षेच्या एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला शेजारी उभा केल्यावर तिला केवळ मागितलेल्या वस्तूवर डोळा ठेवता येत नाही.

याच्या उलट टोकाला गेथशेमाने बागेतील प्रार्थना आहे. तेथे येशू स्वतः पेला टळावा अशी विनंती करतो, आणि पेला टळत नाही. पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीन वेळा मागणे केले, काटा राहिला. या दोन्ही ठिकाणी विश्वास उणा होता असे कोणताही ख्रिस्ती भाष्यकार म्हणणार नाही. उलट ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायातील प्रसंग पाहावा. पेत्र तुरुंगात असतो आणि मंडळी त्याच्यासाठी एका घरात रात्रभर प्रार्थना करीत असते. पेत्र सुटून दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते आणि पेत्र आला आहे असे सांगते; तेव्हा तीच प्रार्थना करणारी मंडळी तिला वेडी ठरवते. मागणे दारात उभे आहे आणि मागणारे आत वाद घालीत आहेत. नव्या करारात विनोद थोडा आहे, पण जो आहे तो असा नेमका आहे. या प्रसंगात प्रार्थना फळली, परंतु अपेक्षा नव्हती. गेथशेमानेत भरवसा होता, परंतु पेला टळला नाही. तेव्हा अपेक्षेची तीव्रता आणि फळ यांचे सरळ गणित मांडता येत नाही, हे खुद्द ग्रंथावरूनच दिसून येते.

हे गणित मांडण्याचा मोह मात्र दांडगा आहे. याकोबाच्या पत्रात संशयी माणसास वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिली आहे व अशा माणसाने काही मिळेल अशी आशा करू नये असे बजावले आहे. या वचनाचा आधार घेऊन, फळ न मिळाल्यास मागणाऱ्याचा विश्वासच कमी पडला असे सांगण्याची प्रथा अनेक देशांत, अनेक काळांत पडली. या तर्काने विश्वास हाच एक विधी होऊन बसतो. यज्ञात स्वर चुकला म्हणून फळ आले नाही म्हणणे आणि मनात शंका आली म्हणून फळ आले नाही म्हणणे यांत रचनेचा फरक फारसा नाही. दोन्हीकडे दोष अखेर दुखणाईताच्या किंवा भुकेल्याच्या पदरी पडतो. त्याच पत्राच्या ५ व्या अध्यायात अगोदरच्या व नंतरच्या पावसाची धीराने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला आहे, तो या मंडळींकडून सहसा उद्‌धृत होत नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही, याचा पुरावा महाराष्ट्रात पंडिता रमाबाई यांच्या चरित्रात सापडतो. त्यांच्याइतक्या स्पष्टपणे दोन्ही प्रकारची अपेक्षा एकाच आयुष्यात जगलेली दुसरी व्यक्ती आधुनिक महाराष्ट्रात दाखविणे कठीण आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. पत्नी व मुले यांसह ते वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडले. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाचा तुटवडा पडला तेव्हा या कुटुंबाजवळचा पैसा संपत आलेला होता. पुढे १८९७ साली लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत आणि १९०७ सालच्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते मराठी धर्मेतिहासातील अत्यंत कठोर पृष्ठांपैकी होय. कुटुंबाने शास्त्रांत सांगितल्याप्रमाणे दानधर्म केला, मूर्तींची पूजा केली, उपास केले, द्रव्यप्राप्तीसाठी मंत्रांचे जप केले. ग्रंथांच्या फलश्रुतीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. अंगमेहनतीचे काम पत्करावे तर शास्त्र्याच्या घरात ते कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी रानात पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढण्याची वेळ आली. वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

रमाबाईंनी यावरून काढलेला निष्कर्ष, की त्या देवता ऐकत नाहीत, हा धर्मांतरानंतरच्या दृष्टीतून लिहिलेला आहे आणि अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या साक्षीतील एक गोष्ट निर्विवाद आहे. डोंगरे कुटुंबाच्या प्रार्थनेत अपेक्षेची कमतरता नव्हती. ती खरी होती, सोसून जपलेली होती, आणि उपाशी मरेपर्यंत टिकली होती. म्हणून पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी जेव्हा पुन्हा अपेक्षेने मागण्यास आरंभ केला, तेव्हा ‘अधिक मनापासून’ मागणे हे त्या दोहोंमधील अंतर असूच शकत नव्हते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. संस्थेच्या खर्चाची हमी अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी घेतली होती. १८९३ साली जो वाद पेटला तो वरवर पाहता धर्मांतराचा, पण त्याचे निमित्त प्रार्थना हेच होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेस बसत तेव्हा दार उघडे असे आणि सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. दार बंद करावे अशी मागणी झाली. त्यांनी ती मानली नाही. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे व भांडारकर हे दोघेही प्रार्थना समाजाचे धुरीण होते हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे एक निराळेच अंग दिसते. प्रार्थनेला आपल्या संस्थेच्या नावात स्थान देणारे हे पुरुष आणि ही बाई यांच्यात प्रार्थना करावी की नाही याबद्दल मतभेद नव्हता. वाद एका दारापुरता होता, पण त्या दाराआड मुलींच्या पालकांना दिलेला शब्द होता आणि उंबऱ्यावर मुली होत्या. सल्लागारांची बाजू हलकी होती असे म्हणता येणार नाही.

या सुमारास रमाबाईंच्या वाचनात तीन पुस्तके आली : चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनची हकिकत, न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन यांचे चरित्र, आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांचे कथन. म्युलर यांनी १८३६ साली अनाथगृह काढले आणि १८९८ साली मृत्यू येईपर्यंत कोणाकडेही वर्गणी न मागता सुमारे दहा हजार मुले सांभाळली. त्यांची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. काय मागितले, कोणत्या तारखेस मागितले आणि केव्हा आले याची ते नोंद ठेवीत. कर्ज काढीत नसत. त्यांचे वार्षिक अहवाल मात्र छापले जात, आणि गरज न सांगता सांगण्याचा हा एक मार्गच होता असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही ज्याचे मागणे तारखेसह वहीत आहे त्याला नंतर ‘मी तसे मागितलेच नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही, हेही तितकेच खरे. ही पुस्तके वाचून, परदेशात देवावर असा भरवसा टाकता येतो तर हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न आपल्याला पडला, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. अशी एखादी संस्था या देशात कोणी काढावी असे त्यांना वाटे. ती आपणच का काढू नये हा विचार मागाहून आला.

१८९६ च्या उन्हाळ्यात लोणावळ्यास ख्रिस्ती मेळावा भरला. रमाबाईंबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. त्यांनी प्रार्थनेत पंधराची पंधरापट, म्हणजे २२५ मागितल्या, आणि पुढील मेळाव्यापूर्वी मागितल्या. आकडा आणि मुदत दोन्ही घालून मागणे हे धाडसाचे होते. म्युलरच्या वहीचा प्रभाव येथे स्पष्ट दिसतो. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या व सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगाव येथील शेतजमिनीवर ठेवावे लागले. तेथेच ‘मुक्ति’ ही संस्था उभी राहिली. मुक्ति सदनाच्या इमारतीचा पाया सप्टेंबर १८९८ मध्ये घातला गेला.

येथे अभ्यासकाने थांबले पाहिजे. मागितलेला आकडा भरून निघाला, पण तो दुष्काळाने भरला. जी आपत्ती रमाबाईंच्या आईबापांना घेऊन गेली तीच आता त्यांच्या प्रार्थनेचे उत्तर होऊन आली, असे म्हणावयाचे काय? त्यांच्या टीकाकारांनी, उपाशी मुलींच्या असहायतेचा लाभ घेतला, असे म्हटलेच आहे. अन्न देणाऱ्या हाताचा धर्म स्वीकारणे कितपत स्वेच्छेचे असते, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांच्या भक्तांनी हा प्रसंग केवळ चमत्कार म्हणून सांगितला आहे, तेही अपुरे आहे. रमाबाईंचे स्वतःचे लेखन या दोहोंपेक्षा अस्वस्थ आहे. दुष्काळी छावण्यांतील मुलींची दैना, त्यांना पळवू पाहणारे दलाल यांचे वर्णन करताना त्या आपल्या लहानपणच्या भुकेकडे पुनःपुन्हा वळतात. आणलेल्यांपैकी अनेक मुली अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. मागणे पूर्ण झाल्याची नोंद आणि मरणाची हकिकत असे तेथे शेजारी शेजारी आहे.

दोन अपेक्षांमधील अंतर येथेच शोधावे लागते. डोंगरे कुटुंबाची अपेक्षा विधीच्या पूर्णतेला टेकली होती. विधी झाला की फळ येणार म्हणून ते थांबले; दुसरे काही करणे हे त्या थांबण्याशी विसंगत झाले असते. केडगावची अपेक्षा मात्र कामाच्या रूपाने दिसे. विहिरी खणल्या गेल्या, फळझाडे लावली गेली, अजून न आलेल्या माणसांसाठी जागा वाढविली गेली. शास्त्र्याच्या घरात जे अंगमेहनतीचे काम कोणाला ठाऊक नव्हते ते येथे प्रत्येक मुलीस शिकविले जाई : दळणे, विणणे, शेती, दुभती जनावरे, पुढे छापखाना. १८९८ साली अमेरिकन मंडळाच्या हमीची मुदत संपली आणि ठरलेल्या उत्पन्नाचा आधार सुटण्याच्या बेतात असतानाच संस्था वाढत होती. १९०० च्या गुजरात-काठेवाडच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. धुळीत बी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या रीतीशी याचे नाते सांगता येईल. त्याचा भरवसा पावसावर असतो. राब मात्र त्याने स्वतः भाजलेला असतो.

याच काळातील दुसरे प्रसिद्ध मराठी ख्रिस्ती, नारायण वामन टिळक, यांच्याशी तुलना केली तर हे अधिक उठून दिसते. टिळकही देवावर भार टाकून राहिले. परंतु त्यांच्या घरच्या पैशाच्या ओढाताणीची आणि त्यांच्या बेफिकिरीची जी चित्रे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त रेखाटली आहेत ती पाहता तो भार पुष्कळदा लक्ष्मीबाईंवरच पडत असे. टिळकांची प्रार्थना मुख्यतः भेटीची होती, मागण्याची नव्हती; वारकरी भक्तीशी तिचे नाते जवळचे. मागणीची प्रार्थना हिशेब मागते. भेटीच्या प्रार्थनेला त्याची गरज नसते, आणि म्हणून तिच्यात फसगतही कमी होते.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी वेल्समधील जागृतीची वार्ता मुलींना सांगून रोज प्रार्थनेस जमण्याचे आवाहन केले. सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेवर गेली, आणि महिन्याच्या अखेरीस रडणे, पापकबुली, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करणे यांची जी लाट उसळली तिची वार्ता जगभर पोहोचली. त्या घटनेचे मानसशास्त्रीय विवेचन हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की पाच महिने रोज जमणाऱ्यांपुढे या वेळी अन्न, पैसा किंवा आकडा यांपैकी काहीही नव्हते.

रमाबाईंच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग बायबलच्या नव्या मराठी भाषांतरात गेला. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बाईला कळत नाहीत आणि कळले तर जुन्या धर्मकल्पना बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृत पंडिता म्हणून कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून काढीत बसावे, यातील विरोधाभास अनेकांना खटकला आहे, आणि भाषांतर म्हणून त्या ग्रंथाची मराठी काही ठिकाणी ओबडधोबड झाली हेही कबूल केले पाहिजे. परंतु ज्या घरात मंत्राच्या शब्दांवर भरवसा ठेवून माणसे उपाशी मेली, त्या घरातील मुलीस न कळणाऱ्या पवित्र शब्दाची धास्ती वाटावी हे समजण्यासारखे आहे. ज्याच्याकडे मागावयाचे त्याच्याशी रोजच्या भाषेत बोलता आले पाहिजे, असा तो आग्रह होता.

जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. संस्थेची वारस म्हणून आईने तिच्याकडेच पाहिले होते. त्यानंतर रमाबाई नऊ महिन्यांहूनही कमी जगल्या. भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम उरले होते. ते पुरे होण्यापुरते थोडे दिवस मिळावेत असे त्यांनी मागितले व ते पुरे झाले, अशी आठवण मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. दुष्काळातून आलेल्या ज्या मुली केडगावी अक्षरे जुळविण्यास शिकल्या होत्या, त्यांच्या हातचे ते बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.